पुढची सीट

ही गोष्ट मी आजवर मोठ्यानं फक्त गाडीत बोललोय. लेकरं शाळेत उतरून गेल्यावर, काचा वर करून, इंजिन चालू ठेवून. ते कुणी ऐकलेलं नाही. गावाकडं बायकोला सांगितलं नाही, आईला नाही, आणि ज्यांच्या अंगणात मी राहतो त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. बघतो. याआधी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा वही मिटून ठेवली.

माझं शिक्षण सातवी. गाव मुखेडकडं, नांदेड जिल्ह्यात. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता, वडील आजारी होते, मी तात्पुरता म्हणून ट्रॅक्टरवर बसलो — आणि उतरलोच नाही. त्यामुळं लिहिण्यात चुका होतील. पण एक सांगतो, मी जे लपवलं ते शिक्षण कमी होतं म्हणून लपवलं नाही. त्याला शिक्षण लागत नाही.

मुळशीत मी आलो तो पिरंगुटच्या एका कंपनीचा टेंपो चालवायला. ते काम वर्षभरात सुटलं. त्या वेळी डेअरीवर दूध घालायला येणारे संतोषभाऊ भेटले. जवळच्या रिहे गावचे. दोन गोष्टी विचारल्या, कुठला, कोण, आणि संध्याकाळी मी त्यांच्या गोठ्यामागच्या खोलीत राहायला आलोसुद्धा. शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर हवा होता, तिथं शब्दही त्यांनीच टाकला. शीतलवहिनींनी पहिल्या दिवशी ताट वाढलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "हितं कुनाला इचारायचं न्हाई, भूक लागली की यायचं." मी मान खाली घालून जेवलो. परक्या मुलखात असं कोण म्हणतं? मुळशीत माझं जे काही आहे ते त्या घरानं दिलेलं आहे. हे आधी सांगतो, कारण पुढं जे आहे ते मी त्याच घराशी केलं.

त्यांची एकच मुलगी. वेदिका. वेदू. तेव्हा तिसरीत होती.

वेदूचा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. सर्दी झाली की सुरू. औषधाचे थेंब घातले की पंधरा दिवस कोरडा, मग पुन्हा. त्या साली मात्र थांबायलाच तयार नव्हता, आणि त्याला वास येऊ लागला होता. पौडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं — पुण्याला नेऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवा, आत काय चाललंय ते मशीनवर बघावं लागेल. भाऊ-वहिनी जाणारच होते. पण भाताची लावणी आली. इथं लावणी एकट्याची नसते. आज तुमच्या खाचरात सगळी वाडी, उद्या माझ्या, परवा शेजाऱ्याच्या — पाळी ठरलेली. आपल्या खाचरात सात घरची माणसं वाकलेली असताना आपण पुण्याला कसं जायचं? आणि दुसऱ्याच्या पाळीला तरी कसं चुकायचं? लावणी झाली की जाऊ, असं ठरलं. त्यांना मी कधी दोष दिला नाही, तुम्हीही देऊ नका. कान वाहणं म्हणजे आपल्याकडं कुणाला आजार वाटतो? नाक वाहतं तसा कान वाहतो, असंच आम्ही सगळे समजत होतो.

आता गाडीत या.

व्हॅनमध्ये चौदा लेकरं. पाऊस असला की काचा बंद. आणि बंद गाडीत तो वास — खोटं कशाला बोलू — मलाही सहन होत नव्हता. लेकरं तर तोंडावर बोलतात. "काका, हिचा कान लई घान मारतोय." कुणी नाक धरायचं, कुणी दप्तर मध्ये लावायचं. एक दिवस मी वेदूला म्हणालो, तू मागच्या बाकावर बस, एकटी, तिथं बारीक खिडकी आहे, तुला हवा लागेल. तुझ्यासाठीच सांगतोय, असं म्हणालो. तिनं दप्तर उचललं आणि मागं गेली.

तोवर वेदूचं गाडीत एक काम असायचं. बालवाडीच्या दोन पोरी अर्धवट वेण्या घालून, हातात रिबिनी घेऊन गाडीत चढायच्या, आणि वेदू हलत्या गाडीत त्यांच्या वेण्या घालून द्यायची. दातात रिबीन, दोन्ही हात केसांत. शाळा येईपर्यंत दोघी तयार. ती मागं गेल्यावर त्या पोरी तिच्याकडं जायच्या बंद झाल्या. सुट्या रिबिनी घेऊनच वर्गात जायच्या. मी आरशात बघायचो. मागच्या बाकावर ती खिडकीला तोंड लावून बसलेली असायची — आणि उजवा कान ओढणीनं झाकलेला. आठ वर्षांच्या पोरीनं आईची ओढणी मागून घेतली होती.

मला वाटतं मी इथंच थांबलो असतो आणि एवढीच कबुली दिली असती तर तुम्ही मला माफ केलं असतं. पण मी जे लपवलं ते हे नाही. हे त्याच्या आधीचं आहे.

आमच्या व्हॅनमध्ये पुढची सीट — ड्रायव्हरशेजारची — ज्याला गाडी लागते त्याची. हा माझा नियम होता. रिह्याच्या खोऱ्यातून बाहेर पडताना वळणं आहेत, सकाळी सकाळी दूध पिऊन आलेल्या लेकरांच्या पोटात ढवळतं. म्हणून सीटखाली माझ्याकडं सगळं असायचं — आवळासुपारी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्याची बाटली, डबाभर कोरडी माती. पुढून सगळा रस्ता दिसतो म्हणून ती सीट सगळ्यांनाच हवी. "काका, मला लई लागतीय," म्हणून पोट धरून सोंग करायचे. मी आवळासुपारी हातावर ठेवायचो आणि मागं पाठवायचो. माझ्या नांदेडकडच्या बोलण्याची नक्कल करायचे — "काका, तुमी काय करलालाव?" — आणि खो खो हसायचे. मलाही हसू यायचं.

त्या साली मात्र मी हसत नव्हतो. दोन महिन्यांत दोन लेकरं गाडीत ओकली होती आणि एका वडिलांनी तक्रार केली होती की ड्रायव्हर वळणं जोरात घेतो. शाळेत गाड्यांचं काम बघणाऱ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलासमोर उभं राहिलं की मला अजून सातवीत असल्यासारखं होतं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, आणखी एक तक्रार आली तर दुसरा माणूस बघावा लागेल. आणि इथून पुढं गाडीत कुणी ओकलं, कुणाला बरं वाटलं नाही, तर त्याच दिवशी घरी सांगायचं आणि मला येऊन सांगायचं. हो म्हणालो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती का? नाही. भाऊंनी मला काढलं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मग मी कशाला घाबरलो? याचं उत्तर मी अजून शोधतोय. मला वाटतं, त्या घरानं माझ्यासाठी टाकलेला शब्द वाया गेला असं त्यांना दिसू नये, याला मी घाबरलो. चांगलं दिसायला. एवढ्यासाठी.

सोमवार होता. पाऊस बारीक. वाटेत झाडांची एक नर्सरी लागते, तिथं रस्ता अगदी सरळ आहे. मागून एक पोरगी म्हणाली, काका, वेदू ओकली. मी गाडी बाजूला घेतली.

ऐका, कारण इथंच सगळं आहे. गाडी लागलेलं लेकरू मला लांबून कळतं. आधी ते गप्प होतं. मग जांभया देतं, थुंकी गिळतं, तोंड पांढरं पडतं, आणि मग कुठल्या तरी वळणावर — नेहमी वळणावर. वेदूला गाडी कधीच लागत नव्हती. आणि ती सरळ रस्त्यावर ओकली होती, मळमळ नाही, काही नाही, नळ सुटावा तशी. आणि ओकून झाल्यावर पोट धरलं नाही तिनं. डोकं धरलं. कानाच्या वर, उजवीकडं.

हे मला दिसलं होतं. मी अडाणी असेन, पण माझ्या कामातलं मला कळतं. ही गाडी लागलेली नाही, हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं.

मी माती टाकली, बाक धुतला, तिचा फ्रॉक ओल्या फडक्यानं पुसला. बाकीची लेकरं आत, आम्ही दोघं मागच्या दाराशी, माझ्या छत्रीखाली. आणि मी तिला म्हणालो, "वेदू, घरी सांगू नको. मॅडमला पण नको. मी तुला रोज पुढं बसवतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. "रोज?"

"रोज."

"घान येतीय म्हनून मागं न्हाई पाठवनार?"

"नाही."

"शपथ?"

मी गळ्याला हात लावला. मग ती हसली. तोंडाला आंबट वास, डोळ्यांत पाणी, आणि हसली. "मग मी न्हाई सांगनार," म्हणाली.

लिहिलं एकदाचं. एका लेकराला मी आधी वाळीत टाकलं, आणि मग त्यातून बाहेर काढायच्या बदल्यात तिचं दुखणं माझ्याकडं गहाण ठेवून घेतलं.

मंगळवारी पुन्हा. पुढच्या सीटवर, पिशवीत, पुन्हा सरळ रस्त्यावर. बुधवारी दोनदा. बाकीच्यांना मी सांगितलं, हिला गाडी लागायला लागली आहे, म्हणून पुढं बसवलंय. बुधवारी ती डोकं दाराला टेकवून बसली होती. म्हणाली, "काका, हळू चालवा, डोक्यात आपटतंय." मी हळू चालवली. घरी तिनं काही सांगितलं नाही. भाऊ-वहिनी उजाडायला खाचरात जायचे, अंधार पडताना यायचे, चिखलानं भरलेले, बोलायचंही त्राण नसायचं. पोर दप्तर टाकून आडवी झालेली दिसली तर दमली असेल, असंच वाटायचं.

आणि बुधवारी आणखी एक झालं. कान वाहायचा थांबला. वास गेला. मला इतकं हायसं वाटलं — काय सांगू. संध्याकाळी अंगणात मी आपण होऊन वहिनींना म्हणालो, कान सुकलाय बघा पोरीचा. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "व्हय की. औषिद लागू पडलं म्हनायचं." पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा कानातून बाहेर येणं अचानक थांबलं आणि डोकं दुखायला लागलं तर ते बरं होणं नसतं. पू आत वाट काढत असतो. मी त्या घराला ती आनंदाची बातमी म्हणून दिली होती.

गुरुवारी सकाळी ती घरातच ओकली, आईसमोर. अंगात तापही होता. वहिनींनी हातातलं काम टाकलं. मी बाकीच्या लेकरांना शाळेत सोडून आलो आणि दोघींना पौडला घेऊन गेलो. भाऊ त्या दिवशी दुसऱ्याच्या पाळीवर होते.

दवाखान्यात मी दाराशी उभा राहिलो. ओली छत्री हातात. डॉक्टरांनी कानात बॅटरी लावून बघितलं, मान हलवून बघितली, आणि विचारलं, उलट्या कधीपासून? वहिनी म्हणाल्या, "आजच सकाळी, च्या पिल्यावर." डॉक्टर वेदूकडं वळले. "आधी झाली होती का गं? शाळेत, गाडीत?"

तिनं आईकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

किती वेळ? दोन सेकंद असेल. मी काय केलं माहीत आहे? मी छत्रीकडं बघितलं. छत्रीतून पाणी गळत होतं, फरशीवर थेंब पडत होते, मी ते बघत राहिलो.

"न्हाई," वेदू म्हणाली. "आजच."

मग डॉक्टर जे बोलले ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. वहिनींना म्हणाले, "दोन-चार दिवस उलट्या आणि डोकेदुखी असती तर मी तुम्हाला इथूनच पुण्याला पाठवलं असतं. असल्या जुन्या कानाचा भरवसा नसतो, ते मेंदूपर्यंत जातं. आजचीच असेल तर तापाचं औषध देतो. पण पुन्हा उलटी झाली, झोपाळू वाटली, तर थांबू नका."

मी पाच फुटांवर होतो. मला एक शब्द बोलायचा होता — सोमवारपासून. एवढाच. तो शब्द मी नंतर किती वेळा बोललो. बंद गाडीत, काचा वर करून. सोमवारपासून, साहेब, सोमवारपासून.

मी वेदूला उचलून गाडीत ठेवलं. पुढच्या सीटवर.

शुक्रवारी ती सकाळी उठलीच नाही. वहिनींना वाटलं, औषधानं झोप लागली आहे. मी लेकरं सोडायला गेलो. दुपारच्या आत भाऊंचा फोन आला. "पोरीला झटकं येत्यात. गाडी घेऊन या." मी कशी गाडी आणली, पिरंगुटचा घाट कसा उतरलो, चांदणी चौकात हॉर्नवरचा हात कसा काढलाच नाही — ती गोष्ट तुम्हाला रिह्यात कुणीही सांगेल. सगळ्यांना पाठ आहे. मागच्या बाकावर वहिनींच्या मांडीवर तिचं डोकं. त्या पूर्ण रस्त्यात मी बोलू शकलो असतो. पुण्यात इस्पितळाच्या दारात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, केव्हापासून? मी ऐकलं, आणि म्हणालो, गाडी लावून येतो. आणि गेलो.

मेंदूत पूची गाठ झाली होती. कानाच्या पडद्यामागं वर्षानुवर्षं काहीतरी वाढत होतं, त्यानं हाड पोखरलं होतं, आणि पू तिथून वर गेला होता. कवटी उघडून तो काढला. महिनाभर सलाईन, इंजेक्शनं. नंतर कानाचं वेगळं ऑपरेशन. पोर वाचली. उजव्या कानानं आता ऐकू येत नाही. डावा हात खांद्यातून उचलतो, कोपरात वाकतो, पण बोटं मिटत नाहीत.

घरी आणली त्या दिवशी अंगणात सगळी वाडी जमली होती. वहिनींनी सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "दादा, तुमी व्हता म्हनून माझी पोर हाय." त्या दिवसापासून मी त्यांचा दादा. दर भाऊबीजेला मला ओवाळतात. पाटावर बसवतात, टिळा लावतात, मी डोळे मिटून घेतो. त्यांना वाटतं मला गावाकडची बहीण आठवते. वेदू मला काका म्हणायची, ती मामा म्हणायला लागली. बायको फोनवर म्हणते, तुम्ही देवमाणूस आहात हो. मी म्हणतो, रेंज नाही नीट, ठेवतो.

शाळेत एकदा कान तपासायला डॉक्टर आल्या होत्या. पालकांना फार चांगलं समजावून सांगितलं त्यांनी — वास येणारा कान अंगावर काढू नका, त्यात डोकं दुखलं, उलट्या झाल्या, ताप आला, मूल गुंगीत गेलं तर एक दिवससुद्धा घरी थांबू नका. मग मॅडमनी मला पुढं बोलावलं. तीच मॅडम. या आमच्या ड्रायव्हरनी वेळेत पोचवलं म्हणून, म्हणाल्या, आणि शाल घातली. वेळेत. सगळे टाळ्या वाजवत होते. वेदू पहिल्या रांगेत होती. ती उजवा हात मांडीवर आपटून टाळी वाजवत होती.

ती शाल सीटखाली आहे. मातीच्या डब्याजवळ.

पुण्याच्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं — साहेब, दोन-चार दिवस आधी आणलं असतं तर हात वाचला असता का? ते म्हणाले, सांगता येत नाही, वाचला असता, कदाचित नसताही. त्या "नसताही"वर मी दोन वर्षं जगलो. रोज सकाळी तो शब्द तोंडात घोळवायचो आणि गाडी काढायचो. आता घोळवत नाही. कारण हात वाचला असता की नसता, हा प्रश्नच नाही ना? आठ वर्षांच्या आजारी लेकरानं भर दवाखान्यात मला वाचवायला खोटं सांगितलं. तिचं डोकं फुटत होतं आणि ती माझी नोकरी सांभाळत होती. मी छत्री बघत होतो.

तुम्ही विचाराल, मग वहिनींना अजून का नाही सांगितलं? चार वर्षं झाली. मी बरीच उत्तरं तयार केली होती — त्यांना त्रास होईल, आता काय उपयोग, पोरीचं दुखणं पुन्हा उकरायचं कशाला. ती सगळी उत्तरं मी त्यांच्याच ताटात जेवून तयार केली. त्यातलं एकही इथं लिहीत नाही.

वेदू आता सातवीत आहे. मी जिथं शाळा सोडली त्या वर्गात. रोज माझ्याशेजारी बसते, पुढच्या सीटवर. मी कुणाला सांगितलेलं नाही ती सीट तिची म्हणून, पण दुसरं कुणी बसत नाही. इतकी वर्षं मी मनाशी धरून होतो की तिला काही आठवत नसणार. एवढं मोठं ऑपरेशन, डोक्याचं. डॉक्टरही म्हणाले होते, त्या आठवड्यातलं काही आठवणार नाही कदाचित. मला ते बरं वाटायचं. लेकराला आठवू नये म्हणून बरं वाटणारा माणूस — बघा.

या जूनमध्ये पहिलीतली एक नवीन पोरगी गाडीत यायला लागली. धीट आहे. परवा चढता चढता वेदूला म्हणाली, रोज तूच पुढं का गं? वेदू डावा कान पुढं करून तिच्याकडं वळली. म्हणाली, "आमचं ठरलंय. काकांनी शपथ घेतलीया."

मामा नाही म्हणाली. काका म्हणाली.

मी आरशात बघितलं नाही, तिच्याकडं बघितलं नाही. समोर सरळ रस्ता होता, नर्सरीजवळचा. तिच्या आवाजात राग नव्हता. ठरलेलं ते ठरलेलं, अशी बोलली. चार वर्षं तिनं आईला सांगितलेलं नाही. बापाला नाही. तिनं तिची बाजू पाळली आहे, आणि तिला वाटतं मीही माझी पाळतोय.

त्या नवीन पोरीच्या वेणीची रिबीन सुटलेली असते. वेदू तिला दोन सीटांच्या मधून पुढं ओढून घेते. रिबिनीचं एक टोक उजव्या हातात धरते आणि दुसरं माझ्यापुढं करते. "धरा," म्हणते. मी गाडी बाजूला घेतो. दोन बोटांत टोक घट्ट धरून ठेवतो. ती एका हातानं वळसा घालते, दातानं ओढते, गाठ बसते.

मग मी टोक सोडतो आणि गाडी सुरू करतो.